लाल फडक्याखालची मान

लुआच्या अंगात येतं.

भाताच्या लोंब्या भरत होत्या तेव्हा ही बातमी आमच्या चाम गावात पहिल्यांदा कुजबुजली गेली, आणि दिवेलागणीच्या आत तिने तळ्याला पूर्ण फेरी मारली. कुणी म्हणे देवळातल्या आईने तिच्या डोक्यावर हात ठेवलाय. कुणी म्हणे, हात कसला, आई तिच्या मानेवर बैठक मारूनच बसलीय. टोफू विकणारी बाई तर प्रत्येक गिऱ्हाइकाला वडीबरोबर बातमीही बांधून देत होती. रोज सांजेला ओसरीवर बसते म्हणे, डोक्यावरून लाल वस्त्र ओढून घेते, मान गरगर फिरवते आणि देवांच्या भाषेत काहीबाही पुटपुटते.

मी गावचा न्हावी. देवळाच्या रस्त्यावर भिंतीला टांगलेला आरसा, एक खुर्ची, एक बाक आणि हिरव्या चहाची किटली, एवढं माझं दुकान. खुर्चीपेक्षा बाकावर गर्दी जास्त. टक्कल पडलेली माणसंसुद्धा नेमाने येतात. त्यांचे कापण्यासारखे केस उरलेले नाहीत, म्हणून ती दुसऱ्यांची नाकं कापून जातात. तेव्हा बातमी माझ्याकडे उशिरा आली असं कुणी समजू नये. खुद्द हेननेच आणून दिली.

हेन ही लुआची शेजारीण. आमच्याकडे हेन म्हणजे शिंपली. शिंपलीचं तोंड बहुतेक वेळ मिटलेलं असतं, हे नाव ठेवताना तिच्या आईबापांच्या लक्षात आलं नसावं.

"डानकाका, एक सांगते, पण कुणाला बोलायचं नाही हं."

"मग मला कशाला सांगतेस?"

"तुम्ही म्हणजे काय कुणी आहात का? तुमच्याकडे नुसतं ठेवायला देतेय."

दिलं ठेवायला. मीही जपून ठेवलं. बाकावर जे चौघे बसले होते त्यांनी मात्र जपलं नाही, त्याला मी काय करणार?

आता ही लुआ कोण ते सांगतो. नदीपलीकडच्या नावाड्याची मुलगी. आमच्या खिएमची बायको. खिएम ट्रक चालवतो. लांब सळ्या, बांबू, पाइप, जे काही ट्रकच्या मागे बाहेर डोकावेल ते तो नेतो. पहाटे निघतो, सांजेला परततो. लुआ शेतांपलीकडच्या कारखान्यात कामाला. बाई ठेंगणी, हसरी, जिभेने तिखट, आणि मान? मी आयुष्यभर गावाची डोकी हाताळली, पण अशी मान पाहिली नाही. चिमणीची मान! बोलताना इकडे, ऐकताना तिकडे, विचार करताना दोन्हीकडे. लग्नात मी तिचे केस सारखे करायला गेलो, तर कात्री केसांपेक्षा हवाच जास्त कापत होती. शेवटी मी म्हटलं, "मुली, घटकाभर बाहुली हो." तर म्हणते, "काका, बाहुलीशीच लग्न करायचं असतं तर खिएमने दुकानातून आणली असती."

लग्नानंतर बिचारीच्या वाट्याला रात्रपाळी आली. उभं राहून करायचं काम, कानात घालायच्या इवल्याशा यंत्रांना स्क्रू पिळायचे. म्हणजे नवरा घरी यायच्या वेळेला बायको निघणार, आणि बायको घरी यायच्या आत नवरा निघून गेलेला. दोघांची भेट कुठे, तर कारखान्याच्या फाटकाशी. ती पाळीला जाताना हा ट्रक बाजूला लावून उभा. ती त्याच्या हातात गरम चिकट भाताची पुडी द्यायची, तो तिच्या हातात वाटेत घेतलेली संत्री द्यायचा, तेवढ्यात भोंगा वाजायचा. गावात त्यांना 'फाटकावरचं जोडपं' म्हणत. नाव कुणी ठेवलं ते विचारू नका.

आणि घरात थिनआजी! लुआची सासू. पानाचा विडा गालात, जपमाळ हातात, आणि डोळे सुनेच्या पोटाकडे. अजून पाळणा हलला नव्हता ना.

"लग्नाला किती वर्षं झाली, डान," ती मला ऐकवायची. "अजून घरात बारशाचं नाव नाही."

"थिनताई, ती दोघं फाटकावर भेटतात. फाटकावर भेटून पोरं होत असती तर पहारेकऱ्याचं घर भरलं असतं."

"तुझ्या तोंडाला काही हाड आहे का?"

"नाही. म्हणून तर अजून चालतंय."

थिनआजीची आयुष्यभराची एकच हौस होती, आपल्या घरातलं कुणीतरी आईच्या सेवेत जावं. आईच्या देवळात ती पहिल्या रांगेत बसते. ज्यांच्या अंगात येतं ते माध्यम लाल वस्त्राखाली बसतात, मान फिरू लागते, मग बोटं वर होतात. किती बोटं, कुठल्या हाताची, त्यावरून कोण आलं ते कळतं, आणि वादक त्या देवतेचं गाणं धरतात. हे सगळं तिला तोंडपाठ. पण तिच्या स्वतःच्या अंगात कधी डासही आला नाही. मुलगा तर देवळात बसल्या बसल्या घोरतो. राहिली सून. आणि आमच्याकडे समज असा की आईने ज्याला बोलावलंय त्याने ओ दिली नाही, तर त्याच्या संसारात काही ना काही अडतं. लेकरू होत नाही, कामात मन लागत नाही. आता कळलं का थिनआजीच्या डोळ्यांत का चमक आली? इथे पाळणाही हलत नव्हता आणि मान मात्र हलत होती. तिच्या मते हिशेब जुळला.

लुआ काय करत होती हे तेव्हा गावाला ठाऊक नव्हतं. आता सगळं उघड झालंय, म्हणून सांगायला हरकत नाही.

कारखान्यात एक नवं दालन सुरू झालं होतं. तिथे डोक्यावर चढवायचा चष्मा बनायचा. आम्ही त्याला डोकंचष्मा म्हणतो. दिसायला पाणबुड्याच्या चष्म्यासारखा, पण बाहेरून काळाकुट्ट, काही आरपार दिसेल तर शपथ. दिसतं ते आत. डोंगर, समुद्र, बाजार, म्हणाल ते. आणि नुसतं चित्र नव्हे. तुम्ही मान वळवाल तशी ती दुनिया वळते, वाकाल तर जमीन जवळ येते. त्या चष्म्याला बाहेरच्या बाजूला बारीक डोळे आहेत, ते खोली बघतात. आतल्या बाजूलाही डोळे आहेत, ते तुमचे डोळे बघतात. थोडक्यात, हेनचं डोकं दोन्ही बाजूंनी.

यंत्राचे हात हे चष्मे आधी तपासतात, पण शेवटी माणसाच्या डोक्यावर चढवून बघावंच लागतं. मान फिरली की आतली दुनिया जागच्या जागी राहते की थाळीतल्या पाण्यासारखी डचमळते, हे बघायचं. डचमळली तर माल बाद. त्यासाठी बसून काम करणारी माणसं हवी होती, आणि पाळी दिवसाची. कायमची दिवसपाळी! लुआने सगळ्यांच्या आधी हात वर केला. पहिला महिना रात्रपाळी बंद आणि रोज दुपारपर्यंत नुसती शिकवणी, खुर्ची त्यानंतर.

अर्धी माणसं पहिल्याच दिवशी बाद झाली. गरगरून उलट्या. लुआ नावाड्याची पोर, पुराच्या पाण्यात होडीत झोपलेली. तिला ढेकरसुद्धा आली नाही. पण मान! आतमध्ये एक हिरवा ठिपका दिसायचा, त्याच्यामागे मान सावकाश, एका चालीने फिरवायची. डावीकडे, मधे, उजवीकडे, मधे. वर, खाली. मग गोल. मग आडवा आठ. मान कशी फिरली याची रेघ पडद्यावर उमटायची. बाकीच्यांची रेघ शिवणाच्या दोऱ्यासारखी आणि लुआची रेघ कोंबडीने उकरलेल्या अंगणासारखी.

दालनावर देखरेख करणारी थाम नावाची मुलगी तिला म्हणाली, "ताई, तुमचं पोट लोखंडाचं आहे, पण मान स्प्रिंगची आहे. महिनाअखेरच्या परीक्षेत रेघ सरळ आली तर खुर्ची तुमची. नाहीतर परत रात्रपाळीला, स्क्रूंकडे."

म्हणून लुआ घरी येऊन सराव करू लागली. चष्मा घरी आणायला अर्थातच बंदी. तिने खिएमचं हेल्मेट उलटं घातलं, कारण वजन पुढच्या बाजूला हवं. समोरचं काही दिसू नये म्हणून त्याच्यावर फडकं टाकलं. फडकं कुठलं, तर ट्रकमधून सळ्या बाहेर आल्या की त्यांच्या टोकाला बांधतात ते लाल! आणि बसली ओसरीवर, मान फिरवत, "डावं, मधे, उजवं, मधे" असं पुटपुटत. खोलीत का नाही, तर त्या दिवसांत देवळात उत्सवाची तालीम चालायची आणि ढोलकी ओसरीवर छान ऐकू यायची. ढोलकी चालू असली की तिची मान जरा ताळ्यावर राहायची.

हे सगळं ती एका वाक्यात सांगू शकली असती. पण नव्या दालनात शिरताना प्रत्येकाकडून सही घेतलेली. माल बाजारात येईपर्यंत आत काय बनतं, काय करतो, याबद्दल बाहेर चकार शब्द काढायचा नाही. काढला तर खुर्ची सोडा, कारखानाच सुटेल. त्यामुळे हेनने कुंपणावरून विचारलं, "काय गं लुआ, डोक्यावर काय घेतलंयस?" तर ही म्हणाली, "सांगता येत नाही, ताई."

हेनला तुम्ही सांगा की देव नाही, ती ऐकेल. पण 'सांगता येत नाही' म्हटल्यावर तिचं पुढचं आठवडाभराचं जेवण झालं.

नवऱ्यालाही नीट सांगितलं नव्हतं. खिएमने एकदा विचारलं, "माझं हेल्मेट उलटं का घालतेस?"

"रात्रपाळी नको म्हणून."

"हेल्मेटने रात्रपाळी जाते?"

"विचारू नकोस. मला दिवसपाळी हवी की नको तुला?"

"मग दोन हेल्मेटं घाल," तो म्हणाला. असा समजूतदार नवरा सगळ्यांना मिळो.

पण सासूचं काय करणार? एके दिवशी थिनआजी देवळात जाऊन लाम गुरुजींना घेऊन आली. लाम गुरुजी आमच्या पंचक्रोशीतले मोठे माध्यम. भुवया रेखलेल्या, नखं स्वच्छ, आवाज मधात बुडवलेला आणि जीभ वस्तऱ्यासारखी. माझ्या वस्तऱ्याची धार गेली की मी त्यांच्याशी दोन शब्द बोलायला जातो. त्यांनी ओसरीच्या पायरीवरून लुआकडे पाहिलं, चहा घेतला आणि म्हणाले, "परवा दुपारी देवळात बसवून बघू. वस्त्राखाली मान फिरली तर आईचं बोलावणं. नाही फिरली तर नाही."

थिनआजीने पुढचं सगळं तिथेच ठरवून टाकलं. "फिरली तर दुसऱ्याच दिवशी सकाळी दीक्षा. दिवस उत्तम आहे, मी पंचांग बघितलंय. आणि मग कारखाना बंद. आईची माणसं स्क्रू पिळत बसत नाहीत."

दुसऱ्या दिवशी सकाळी! तीच तर परीक्षेची सकाळ. मान देवळात फिरली तर खुर्ची गेली, आणि कारखान्यात नीट फिरली नाही तरी खुर्ची गेली. म्हणजे एक दिवस हलायचं नाही आणि दुसऱ्या दिवशी हलायचं. एवढ्याशा मानेवर एवढा भार कुणी टाकतं का?

"आई, मला नाही जमायचं," ती म्हणाली.

"का?"

"सांगता येत नाही."

"बघा गुरुजी, बघा! आईच बोलू देत नाहीये तिला." थिनआजीच्या डोळ्यांना धार लागली. म्हातारी खरंच रडत होती हो, आनंदाने. ते बघून लुआने होकार दिला.

खिएमने तिला समजावलं, "दगडासारखी बस. ढोलकी वाजेल, वाजू दे. एखाद-दोन गाणी झाली की सुटशील."

देवळात त्या दुपारी असा जमाव की उदबत्तीच्या धुरालाही बाहेर पडायला वाट नव्हती. पुढे फळांची ताटं, केळी, पानविडे, कागदाचे घोडे. हेनने खांबाजवळची जागा सकाळीच धरून ठेवलेली. मीही गेलो. आता न्हाव्याचं देवळात काय काम म्हणाल तर, मानेचा प्रश्न होता, जाणकार कुणीतरी नको का?

लुआ मधोमध मांडी घालून बसली. गुरुजींनी लाल वस्त्र तिच्या डोक्यावरून सोडलं. गोल तुंब्याची वीणा वाजू लागली, पाठोपाठ ढोलकी. पहिलं गाणं झालं. लुआ दगड. दुसरं झालं. दगड. थिनआजीचा चेहरा उतरत चालला. खिएम मागून हळूच हसला.

तेवढ्यात ढोलक्याने चाल बदलली. रानातल्या धाकट्या देवीचं गाणं, संथ, डुलत जाणारं. उत्सवासाठी रोज सांजेला तालीम चाललेली ती हीच चाल. आणि वस्त्राचं टोक हललं.

डावीकडे. मधे. उजवीकडे. मधे.

"अगं बाई," कुणीतरी म्हणालं.

वर. खाली. मग गोल, संथ, जसं दळणाचं जातं फिरावं. मग आडवा आठ. मी इतकी वर्षं देवळात माना फिरताना पाहिल्या, त्या झटके देतात, गचके खातात. पण ही मान तेल लावल्यासारखी. चिमणी गेली आणि तिच्या जागी बगळा आला! बाया हात जोडून पुढे वाकल्या. हेन चहूबाजूंना सांगत होती, "मी म्हटलं नव्हतं? मी म्हटलं नव्हतं?" थिनआजीच्या तोंडातला विडा खाली पडला, तिला शुद्ध नाही. खिएमने डोक्याला हात लावला.

मग लुआचे दोन्ही हात हळूहळू वर आले. आता बोटं दिसणार. किती बोटं? कुठल्या हाताची? वीणावाला मान पुढे काढून बघू लागला, कुठलं गाणं धरायचं ते.

हात डोक्याच्या दोन्ही बाजूंना गेले. तिने वस्त्र अलगद धरलं, पुढच्या बाजूने वर उचललं, काढलं, उजवीकडे वळून केळ्यांच्या ताटात नीट ठेवलं आणि दालनात चष्मा तपासून झाल्यावर द्यायच्या त्या खणखणीत आवाजात ओरडली,

"हा चांगला! पुढचा द्या!"

लुआने डोळे उघडले, समोर आईची मूर्ती, बाजूला अख्खं गाव. तिचा चेहरा वस्त्राहून लाल झाला.

लाम गुरुजींनी रेखलेली एक भुवई वर नेली. "पुढचा कोण, बाई? देव काय बाहेर रांगेत उभे केलेत?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मी नव्हतो, मी त्या वेळी खोकत होतो.

"पण मान फिरली ना गुरुजी!" थिनआजी कळवळून म्हणाली. "सगळ्यांनी पाहिली!"

"फिरली. आमच्या ढोलक्याच्या चालीवर फिरली. उद्या माझा पायही ठेका धरेल, म्हणून त्याला दीक्षा देऊ? आई येते तेव्हा बोटं दाखवते, वहिनी. कोण आलं ते सांगते. आईला तपासून, 'हा चांगला' म्हणून केळ्यांवर ठेवणारी मी पहिलीच पाहिली." मग लुआकडे वळून मऊ आवाजात, "पोरी, काय काम करतेस तू त्या कारखान्यात?"

"सांगता येत नाही, गुरुजी. सही केलीय."

"आईच्या समोरसुद्धा नाही?"

लुआने मूर्तीकडे पाहिलं, गुरुजींकडे पाहिलं. "कोणालाही सांगायचं नाही असं लिहिलं होतं. आई सोडून, असं नव्हतं लिहिलेलं."

गुरुजी हसले. इतके हसले की काजळ गालावर उतरलं. "हिच्या मानेवर कुणी स्वार नाही," त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "हिची मान पगारी आहे. जा, कामावर जा. आणि ही चाल घेऊन जा, तिचं काही द्यावं लागत नाही." प्रसादाची केळी वाटली गेली. सगळ्यात मोठा घड त्यांनी थिनआजीच्या ओटीत टाकला. तिने तो घेतला आणि सगळ्यांच्या पुढे घराची वाट धरली.

दुसऱ्या दिवशी परीक्षा. मी तिथे नव्हतो, मला लुआने सांगितलं, पुढे सगळं सांगायची मोकळीक झाल्यावर. तिने चष्मा चढवला, हिरवा ठिपका आला, आणि नेहमीप्रमाणे मान त्याच्यावर झडप घालायला निघाली. तेव्हा तिने ओठ मिटून ती चाल गुणगुणायला सुरुवात केली. ढोलकी मनात वाजू लागली. मान संथ झाली.

"ताई, काय म्हणताय?" थामने विचारलं.

"काही नाही. घसा खरखरतोय."

"मग खरखरू द्या," थाम म्हणाली. ती पडद्याकडे बघत होती. रेघ अशी की तिच्यावरून सुतार फळी कापेल.

त्या संध्याकाळी खिएम फाटकाशी उभा होता, संत्र्यांची पिशवी घेऊन. भोंगा वाजला, आणि लुआ आत जायच्या ऐवजी बाहेर आली. दोघं एकाच मोटरसायकलवरून गावात शिरली. माझ्या दुकानासमोरून जाताना मी ओरडलो, "काय रे खिएम, फाटक विकलंस की काय?"

"भाड्याने दिलं, काका!"

घरी मात्र थिनआजी बरेच दिवस घुम्यासारखी वागली. सून दिसते, जेवायला असते, भांडायलाही हाताशी असते, हे सुख तिला मान्य होतं. पण देवळात ती पहिल्या रांगेतून दुसऱ्या रांगेत सरकली होती. आपण स्वतःच स्वतःला शिक्षा करून घ्यायची ही म्हातारीची रीत.

मग हिवाळ्यात तो डोकंचष्मा बाजारात आला, दूरचित्रवाणीवर दिसला, आणि सह्यांची मुदत संपली. कारखान्याने कामगारांच्या घरच्यांना एक दिवस आत बोलावलं. थिनआजी 'मला काय त्याचं' म्हणत नवा मखमली अंगरखा घालून सगळ्यांच्या आधी तयार. मी लुआचा काका म्हणून गेलो. हेन लुआची मावशी झाली होती. वयाने ती लुआपेक्षा फार मोठी नाही, पण पहारेकऱ्याने वाद घातला नाही. हेनशी कुणी घालत नाही.

लुआने सासूला खुर्चीत बसवलं, पट्टा सैल केला, अंबाडा मोकळा करून चष्मा चढवला. पहिल्यांदा आतून आम्हीच दिसत होतो म्हणे, तेच दालन, तीच माणसं, फक्त माणसांमधून एक भला मोठा सोनेरी मासा पोहत चाललेला.

"डान, वाक!" थिनआजी किंचाळली. "मासा तुझ्या टकलावर आपटतोय!"

मला टक्कल नाही. पण मी वाकलो.

"आई, आता दुसरं लावते हं," लुआ म्हणाली. "मान सावकाश फिरवा. मळमळलं तर सांगा."

दुसरं म्हणजे नदी होती. धुकं, होडी, दोन्ही काठांना डोंगर. थिनआजी पुढे वाकली. मान डावीकडे वळली, थांबली. उजवीकडे वळली. वर. खाली. मग हळूहळू गोल फिरू लागली, आणि हात गुडघ्यांवरून आपोआप वर उठले, बोटं हवेत उघडली. समोर तर काहीच नव्हतं, पण ती कुठल्यातरी डोंगराचा कडा चाचपत होती. हेनने माझा दंड धरला. "काका! आता हिच्या..."

"हेन," मी म्हटलं, "तोंड."

मागे रांग वाढत चालली होती. एका बाईने विचारलं, "आजी, झालं का?"

"नाही झालं," आतून उत्तर आलं. "आत्ताच तर वळणावर आलेय. लुआ, पुढे काय आहे गं?"

"जाऊन बघा ना, आई. मी धरलंय तुम्हाला."

आणि खरंच तिने दोन्ही हातांनी सासूचे खांदे धरले होते, पडू नये म्हणून. बराच वेळ धरून उभी होती. त्या घरात एवढा वेळ कुणी कुणाला धरलेलं मी तरी पाहिलं नव्हतं.

परतताना थिनआजी पुन्हा बोलू लागली ती थांबेचना. आता गावात ती सांगत फिरते की आपल्या सुनेने मान हलवल्याशिवाय एकही चष्मा समुद्र ओलांडत नाही. हे साफ खोटं आहे. तिथे मान हलवणारे पुष्कळ आहेत. पण मी खोडून काढत नाही, कारण थिनआजी पुन्हा पहिल्या रांगेत जाऊन बसली आहे आणि लाम गुरुजींना 'आमच्या लुआची पगारी मान' म्हणून स्वतःच चिडवते.

राहता राहिली ती लोंब्यांच्या दिवसांतली बातमी. लुआच्या अंगात काहीही येत नव्हतं. तिला दिवसपाळीची खुर्ची हवी होती, आणि त्यासाठी ती ओसरीवर बसून मान सावकाश फिरवायला शिकत होती.